मुंबईहून गोव्याला किनाऱ्याने जाताना पोर्तुगीज, इंग्रज आणि डचांच्या खुणा गाडीने बघायच्या असतील, तर किती दिवस लागतील आणि कसं जावं?

किमान पाच दिवस ठेवा. हिशेब मात्र किलोमीटरचा नको, बोटींचा करा. वाटेत आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या चार ठिकाणी खाडी फेरीबोटीने ओलांडता येते. शेवटच्या बोटीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा. दाभोळला ती चुकली, तर चिपळूणवरून वळसा घालण्यात अर्धा दिवस जातो.

ओहोटीला पाणी खाली गेलं की धक्का आणि बोटीची फळी यांतला कोन वाढतो, आणि बसक्या गाडीचा बंपर घासतो. अशी गाडी पहिल्या गिअरमध्ये, थोडी तिरकी चढवा. उतार ओला असतो, एकदम रेस दिली तर चाकं जागीच फिरतात. बोटीत हँडब्रेक लावून गाडी गिअरमध्येच ठेवा. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज धरू नका.

पहिला पूर्ण दिवस रेवदंडा आणि कोर्लईला द्या. रेवदंड्याचा रस्ता तटबंदीतूनच आत शिरतो आणि जुन्या चर्चचा सातखणी मनोरा नारळी-पोफळीच्या वाड्यांत उभा आहे. साळावचा पूल ओलांडला की कोर्लई. दीपगृहाकडून पायऱ्यांनी वर जा, ऊन चढायच्या आत. वर चर्चच्या उभ्या भिंती आणि पोर्तुगीज शिलालेख आहेत. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि पुढच्याच वर्षी पोर्तुगीजांनी हा भाग सोडला. त्यांची भाषा मात्र राहिली: कोर्लईतले ख्रिस्ती कुटुंबीय आजही घरात पोर्तुगीजमधून आलेली बोली बोलतात. हे कुठल्याही बुरुजापेक्षा मोलाचं आहे.

वेसवीला उतरल्यावर बाणकोटचा किल्ला चुकवू नका. 1755 मध्ये तो इंग्रजांकडे गेला आणि त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया झालं. राणी व्हिक्टोरियाचा त्याच्याशी संबंध नाही, ती जन्मली 1819 मध्ये. पावसाळ्यात इथला जांभा शेवाळाने भयंकर निसरडा होतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

रत्नागिरीत सोमवारी पोहोचू नका, थिबा राजवाड्यातलं संग्रहालय बंद असतं. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला 1885 मध्ये पदच्युत करून इंग्रजांनी इकडे ठेवलं; राजवाडा 1910 चा, राजाचा मृत्यू 1916 मध्ये.

वेंगुर्ल्याची डच वखार पडझडीला आली आहे, बाहेरून बघा, भिंतींवर चढू नका. पुढे रेडीवरून थेट तेरेखोल. हा किल्ला 1746 पासून 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. गोव्यात असला तरी तो तेरेखोल नदीच्या उत्तरेला आहे, म्हणून नदी ओलांडायच्या आधीच बघून घ्या, नाहीतर परत यावं लागतं.