सहा जणांचं ऑपरेटिंग सेशन अर्ध्या तासात का कोलमडलं

प्रश्न थोडक्यात असा: मॉडेल रेल्वेचा एचओ (१:८७) प्रमाणातला खोलीभर लेआउट, एकेरी मुख्य मार्ग, एका टोकाला यार्ड (वाघिणी, म्हणजे मालडबे, जुळवून गाड्या तयार करायची जागा), दुसऱ्या टोकाला देखाव्यामागचं स्टेजिंग (गाड्या नजरेआड उभ्या करायचे रूळ), मध्ये चार स्टेशनं आणि त्यांतल्या दोन ठिकाणी क्रॉसिंग लूप (दोन गाड्या एकमेकींना ओलांडतील असे जोडरूळ). ऑपरेटिंग सेशनला, म्हणजे खऱ्या रेल्वेसारख्या गाड्या चालवायला, सहा जणांना बोलावलं, चार गाड्या सोडल्या, वेळापत्रकाचं घड्याळ चारपट वेगानं लावलं आणि अर्ध्या तासात सगळं ठप्प. दोघं भिंतीला टेकून उभे, एक जण कारण सांगून निघून गेला. आता विचारलंय की लोकांनाच रस नाही, की लेआउट वाईट आहे?

दोन्ही नाही. गणित चुकलं आणि तयारी पाहुणे आल्यावर सुरू झाली. पाहुण्याला मजा येते ती दोन गोष्टींनी: आपल्याला काय करायचंय हे कळलं की, आणि ते करायला गेल्यावर गाडी चालली की. देखावा किती सुंदर आहे हे तो पहिल्या दहा मिनिटांत पाहून घेतो. चौथ्यांदा घसरलेली वाघीण उचलताना त्याला झाडं दिसत नाहीत.

आधी गाड्यांचं गणित. एकेरी मार्गावर एका वेळी किती गाड्या वाटेत असाव्यात हे इंजिनं किती आहेत यावर नाही, लूप किती आहेत यावर ठरतं. दोन लूपांवर चार गाड्या सोडल्या आणि एका लूपचे दोन्ही रूळ पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांनी, दुसऱ्याचे दोन्ही पश्चिमेकडे जाणाऱ्यांनी भरले, की कोणीच हलू शकत नाही. मग एक गाडी उलटी ढकलत मागे न्यायची, आणि उलटी ढकलताना ती घसरणार. तीन गाड्या जमतात, पण तिघांतला एक कायम थांबलेला राहतो. म्हणून नव्या मंडळींसाठी जितके लूप तितक्याच गाड्या. तुमच्याकडे दोन.

दोन गाड्यांवर सहा माणसं कशी गुंतवायची? प्रत्येक गाडीवर दोघं. एकाच्या हातात थ्रॉटल (गाडीचा वेग आणि दिशा बदलणारा कंट्रोलर), दुसऱ्याच्या हातात कामाची यादी; पॉइंट (गाडीचा रूळ बदलणारा सांधा) बदलणं आणि वाघिणी सोडवणं हे यादीवाल्याचं काम. हे झाले चार. एक यार्ड सांभाळतो, एक डिस्पॅचर, म्हणजे गाड्यांना पुढे जायची परवानगी देणारा. यजमानानं कोणतंही काम घ्यायचं नाही. तो खिशात छोटा स्क्रूड्रायव्हर आणि चिमटा ठेवून फिरतो, शॉर्ट सर्किट शोधतो, अडलेल्याला वाट दाखवतो. यजमान स्वतः गाडी चालवत बसला की पहिल्या बिघाडाला दोन जणांचं काम थांबतं.

जोड्या लावताना अनुभवी माणसाला थ्रॉटल द्यायचा मोह होतो. उलट करा. थ्रॉटल नव्याला द्या, यादी जुन्याला. शंटिंगमध्ये (वाघिणी सोडणं-उचलणं) डोकं यादीवाल्याचं चालतं, आणि नव्याला गाडी चालवायचीच हौस असते. फेरी संपली की अदलाबदल.

गाडीची लांबी सर्वांत आखूड लूपवरून काढायची. समजा तिथे दोन्ही पॉइंटांच्या मधली मोकळी जागा १.६ मीटर आहे. इंजिन २० सेंमी, मागची गार्ड व्हॅन १२ सेंमी, साधारण वाघीण कपलरसकट (जोडणीच्या आकड्यासकट) १५ सेंमी. सात वाघिणींची गाडी १.३७ मीटर होते, म्हणजे थांबायला २३ सेंमी हातात. आठ लावल्या तर ८ सेंमीच उरतात. नवखा चालक तेवढ्यात थांबवू शकत नाही आणि शेवटची चाकं पॉइंटवर राहतात. म्हणून सात.

तसंच सायडिंगचं. उद्योगांच्या सायडिंगमध्ये (माल भरण्या-उतरवण्याच्या बाजूच्या रुळांवर) एकूण वीस वाघिणी मावत असतील तर दहा-बारा उभ्या ठेवा. सगळं भरलं की एक वाघीण आत ठेवायला आधी तीन बाहेर काढाव्या लागतात, आणि त्या ठेवायला जागा नसते. यार्डाचंही हेच. यार्ड गच्च भरलेलं दिसायला छान, पण तिथल्या माणसाचा जीव जातो.

प्रत्येक गाडीला कार्ड आणि वेबिलची (वाघिणीचं कार्ड आणि तिला कुठे जायचंय याची चिठ्ठी) पूर्ण पद्धत पहिल्या दिवशी देऊ नका. अर्ध्या पानाची हातानं लिहिलेली यादी पुरते: कुठल्या स्टेशनात कुठल्या क्रमांकाची वाघीण सोडायची, कुठली उचलायची. एका गाडीला अशी पाच-सहा कामं बस्स. त्यातही गाडीच्या दिशेनं तोंड असलेल्या पॉइंटवरचं सायडिंग पहिल्या फेरीत टाळा, कारण तिथे वाघीण ठेवायला इंजिनाला लूपमधून वळसा घेऊन दुसऱ्या टोकाला यावं लागतं. जे सायडिंग गाडी पुढे गेल्यावर मागे ढकलून गाठता येतं, तेवढंच द्या. कोणाला हे सोपं वाटलं तर बाजूच्या फळीवर इंगलनुक हे शंटिंगचं कोडं मांडून ठेवा: तीन सायडिंग, त्यांत अनुक्रमे ५, ३ आणि ३ वाघिणी मावतात, आठ वाघिणी आणि इंजिनासकट तीन वाघिणी मावतील एवढा शंटिंगचा रूळ. आठांतल्या पाच ठरलेल्या क्रमानं लावायच्या. असे ६,७२० क्रम होतात. वाट पाहणारा माणूस तिथे बराच वेळ रमतो.

आता घसरण्याचं, कारण खरी चिडचिड तिथेच होते. बहुतेक घसरणी चार कारणांनी होतात: चाकांचं अंतर, वजन, बोगीचे (वाघिणीखालच्या चाकांच्या फिरत्या चौकटीचे) स्क्रू आणि कपलरची उंची.

चाकं मापपट्टीवर तपासा. एचओमध्ये दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर सुमारे १४.४ मिमी लागतं. कमी असेल तर चाक चेक रेलला (पॉइंटमधल्या चाकाला वाट दाखवणाऱ्या आतल्या रुळाला) अडकतं, जास्त असेल तर पॉइंटच्या फ्रॉगवर (रूळ छेदतात तिथल्या टोकावर) चढतं. नव्या पाकिटातून काढलेली वाघीणही तपासा; प्लॅस्टिकच्या दांड्यावरची चाकं सरकलेली असतात.

वजनाचा एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेनं शिफारस केलेला हिशेब सोपा आहे. एचओला मूळ २८ ग्रॅम, आणि लांबीच्या दर २५ मिमीला आणखी १४ ग्रॅम. १५ सेंमीची वाघीण साधारण ११२ ग्रॅम भरली पाहिजे. वजन तळाशी, दोन्ही बोगींवर सारखं. मोकळी हलकी वाघीण इंजिनाच्या लगेच मागे आणि जड वाघिणी शेवटी, असं झालं की वळणावर ती आत ओढली जाते. उलटी ढकलताना तीच बाहेर फेकली जाते.

बोगीचे दोन्ही स्क्रू सारखे आवळले तर वाघीण चार पायांच्या डुगडुगणाऱ्या स्टुलासारखी होते. एक बोगी फक्त डावी-उजवी फिरेल इतकी घट्ट, दुसरी थोडी सैल, म्हणजे तिला तिरपंही होता येईल. वाघीण तीन बिंदूंवर बसते आणि रूळ किंचित वर-खाली असला तरी चाक सुटत नाही.

कपलरचा मध्य रुळाच्या डोक्यापासून ९.९ मिमीवर. त्याखाली लोंबणारी वाकडी तार खाली आलेली असेल तर ती पॉइंटमध्ये अडकते आणि सगळे पॉइंटला दोष देतात. उंचीचं माप रुळावर ठेवून प्रत्येक वाघीण एकदा भिडवून पाहा. सोडवायला टोकदार बांबूची काडी उत्तम: दोन कपलरच्या मध्ये वरून घालायची, किंचित पिळायची. प्रत्येक स्टेशनात दोन काड्या ठेवा, नाहीतर लोक वाघीण उचलून वेगळी करतात. हाताची पाच बोटांची क्रेन हा या छंदातला सर्वांत महाग क्रेन आहे. पायऱ्या, ब्रेकचाकं, शिड्या सगळं तीच तोडते.

आदल्या दिवशी प्रत्येक गाडी पूर्ण मार्गावर हळू चालवा, आणि मग तीच सात वाघिणींसकट उलटी ढकलत आणा. उलटी ढकलण्याची चाचणी निर्दय असते, पण पाहुणे नेमकं तेच करणार. रूळ त्याच दिवशी पुसा: धागे न सुटणारं कापड, आयसोप्रोपिल अल्कोहोल. सँडपेपर अजिबात नको, त्याच्या ओरखड्यांत घाण बसते आणि पुढच्या वेळी रूळ दुप्पट लवकर मळतो. नुसते रूळ पुसून भागत नाही, घाण चाकांवरून येते. इंजिनाची चाकं पुसायला ओला टिश्यू दोन्ही रुळांवर आडवा ठेवा, एक बोगी त्याच्यावर, दुसरी मोकळ्या रुळावर, आणि इंजिन हातानं धरून चाकं फिरू द्या. मग बाजू बदला.

वीज. तुमच्याकडे एकच बूस्टर (रुळांना वीज पुरवणारा खोका) सगळ्या लेआउटला आहे, म्हणून यार्डात कोणी चुकीच्या पॉइंटवर इंजिन घातलं की दुसऱ्या टोकाची गाडीही थांबते आणि सहाही जण एकमेकांकडे बघतात. किमान यार्ड आणि मुख्य मार्ग वेगळे करा: सीमेवर दोन्ही रुळांत खाच, प्रत्येक भागाला स्वतंत्र डीसीसी (रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळे आदेश देणारी डिजिटल पद्धत) सर्किट ब्रेकर. पाच अँपिअरचा बूस्टर असेल तर ब्रेकर तीन अँपिअरच्या आसपास लावा, म्हणजे बूस्टरच्या आधी तो पडेल. जोडणी झाल्यावर खाचेच्या दोन्ही बाजूंच्या त्याच रुळावर मीटर एसीवर ठेवून पाहा. जवळपास शून्य दिसलं तर ठीक, पूर्ण व्होल्टेज दिसलं तर एका भागाच्या तारा उलट्या आहेत. मग नाणं घेऊन फिरा. दर मीटरवर ते दोन्ही रुळांवर टेकवायचं, ब्रेकर लगेच पडला पाहिजे. जिथे पडत नाही, तिथे तार बारीक आहे किंवा फीडर (मुख्य तारेतून रुळाला येणाऱ्या तारा) कमी आहेत, आणि खरा शॉर्ट झाल्यावर तिथेच चाकाखालचं प्लॅस्टिक वितळतं. मुख्य तार २.५ चौ. मिमीची, रुळाच्या प्रत्येक तुकड्याला ०.५ चौ. मिमीचा स्वतंत्र फीडर. रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या जोडांवर विजेसाठी विसंबू नका.

पाहुणे स्वतःचं इंजिन आणतात, आणि आणावंच, त्याशिवाय गप्पा रंगत नाहीत. पण नवा डिकोडर (इंजिनातली आदेश वाचणारी चिप) कारखान्यातून पत्ता ३ घेऊनच येतो. दोघांची इंजिनं ३ वर असली की एकाच्या थ्रॉटलवर दोन्ही पळतात. दारातच पत्ता विचारा, इंजिनाचा क्रमांक हाच पत्ता करून टाका, चाकं मापपट्टीवर तपासा. आणि इंजिन दिवे लावतं पण हलत नाही, अशी तक्रार आली तर आधी सीव्ही १९ (डिकोडरमधली जोडइंजिनाच्या पत्त्याची सेटिंग) वाचा. पूर्वी जोडइंजिनात लावलं असेल तर तिथे जुना क्रमांक राहिलेला असतो. शून्य केला की चालतं.

पाहुण्यांना द्यायच्या इंजिनांत सीव्ही ३ आणि ४ (वेग किती सावकाश वाढेल आणि उतरेल) कमी ठेवा. गाडी जडपणे थांबते तेव्हा सरावलेल्याला मजा येते, नवखा पुढच्या वाघिणीवर आदळतो. सीव्ही ५ नं कमाल वेग बांधून टाका: ताशी ४० किमी म्हणजे एचओमध्ये सेकंदाला सुमारे १३ सेंमी, एक मीटरला आठ सेकंद. एवढा वेग खोलीत पुरे आहे, आणि धावणारी गाडी हळू असली की लेआउट मोठा वाटतो.

वेगवान घड्याळ पहिल्या दोन-तीन सेशनना बंद. त्याऐवजी गाड्यांचा फक्त क्रम ठरवा: ही आली की ती सुटेल. उशीर नावाची गोष्टच राहत नाही. डिस्पॅचरनं परवानगी दिली की चालकानं ती शब्दश: परत म्हणायची, "लूप एकपर्यंत, तिथे थांबणार". एवढ्या एका सवयीनं समोरासमोर येणं जवळपास थांबतं.

सुरुवातीला दहा मिनिटं सगळ्यांना लेआउटभोवती फिरवून स्टेशनांची नावं आणि पॉइंट कसे बदलतात हे दाखवा. नावं फॅशियावर (लेआउटच्या पुढच्या पट्टीवर) मोठ्या अक्षरांत हवीत. जिथे यजमानाला विचारावं लागतं तिथे पाटी कमी आहे. नियम चारच सांगा. दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही. शॉर्ट झाला की मोठ्यानं "शॉर्ट" म्हणायचं, लाजायचं नाही. पेय लेआउटवर ठेवायचं नाही. आणि चालू सेशनमध्ये कोणाच्या वाघिणीचा रंग किंवा काळ चुकलाय हे काढायचं नाही. ती चर्चा नंतर, आणि मालकानं विचारली तरच. नवी माणसं परत येत नाहीत यामागे घसरणीइतकाच हाही हात असतो.

घसरलेली वस्तू जागच्या जागी दुरुस्त करू नका. ती बाजूला काढा आणि चिठ्ठी लिहा: क्रमांक, जागा, गाडीची दिशा, पुढे जाताना की ढकलताना, नेमकं काय झालं. दिशा लिहायला लोक विसरतात आणि तीच सर्वांत कामाची. एकच वाघीण तीन ठिकाणी घसरली तर दोष वाघिणीचा. तीन वेगळ्या वाघिणी एकाच ठिकाणी घसरल्या तर रुळाचा, आणि फक्त एका दिशेनं घसरल्या तर बहुधा पॉइंटचं पातं रुळाला नीट टेकत नाही.

दीड-दोन तासांत थांबा, काम उरलं असलं तरी. गाड्या जिथे आहेत तिथेच राहू द्या. पुढचं सेशन तिथूनच सुरू होतं, पुन्हा मांडणी करावी लागत नाही. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर वाचा आणि दुरुस्तीला एक वेगळी संध्याकाळ ठरवा, ज्याला यायचंय त्यानं यावं. निघून गेलेल्या गृहस्थांना त्याच संध्याकाळी बोलवा. चाकं मोजायला आणि कपलर तपासायला दोन हात जास्त लागतातच.