यलो अलर्ट तीन दिवस, शिवारात नुसते शिंतोडे. सोयाबीन पेरायचं का?

दादा, तुम्ही कळंब तालुक्यातून विचारलंय की जिल्ह्याला तीन दिवस यलो अलर्ट, शेजारच्या गावात ओढा वाहिला आणि तुमच्याकडे धूळसुद्धा बसली नाही, मग अंदाजावर पेरायचं कसं?

अंदाज खोटा ठरलाय असं लगेच धरू नका. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे जिल्ह्यातल्या फार तर २५ टक्के पर्जन्यमापक केंद्रांवर पाऊस, 'काही ठिकाणी' म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ७५ पर्यंत. तुरळक लिहिलंय तर चारातली तीन गावं कोरडी राहणारच. त्यात जूनच्या सुरुवातीचा पाऊस वळवाच्या जातीचा. एकेक ढग दोन-चार कोसांचा, बांधाच्या अलीकडे पडतो तर पलीकडे नाही. आणि यलो बऱ्याचदा विजा व सोसाट्याच्या वाऱ्यासाठी दिलेला असतो. रंगाखालची ओळ वाचा.

पेरणी ठरते ती तुमच्या शिवारात मोजलेल्या पावसावर. एकूण ७५ ते १०० मि.मी. झाल्याशिवाय सोयाबीनला हात घालू नका. मोजायला सरळ उभ्या भिंतीचा डबा चालतो, तोंड केवढंही असो. फुगीर किंवा निमुळता नको. बाटली कापून वापरणार असाल तर बूड वाकडं असतं, म्हणून सरळ भाग सुरू होईपर्यंत खडे व पाणी भरा आणि तिथे पट्टीचा शून्य धरा. इथेच बहुतेकांचं माप बिघडतं. नाहीतर पाणी मापात ओता: तोंड १० सें.मी. व्यासाचं असेल तर १०० मि.ली. पाणी म्हणजे सुमारे १२.७ मि.मी. पाऊस. डबा उघड्यावर ठेवा. झाड-भिंत जेवढी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. पत्र्याची पागोळी लागली की आकडा गेला. रोज सकाळी साडेआठला मोजून वहीत लिहा. हवामान खात्याचा दिवसही तिथेच बदलतो, म्हणून महसूल मंडळाच्या आकड्याशी ताळा घेता येतो. मात्र मंडळात गावं बरीच आणि यंत्र एक, त्यामुळे त्या आकड्यावर तुमची पेरणी नको.

नुसत्या बेरजेवरही जाऊ नका. तासाभरात ७० मि.मी. कोसळला तर निम्मं पाणी ओढ्याला जातं. खुरप्यानं दोन-तीन ठिकाणी वीतभर उकरा, एक जागा माथ्याची, एक सखल. खालच्या मातीचा मुठीत लाडू वळला पाहिजे. वर चिखल आणि चार बोटांखाली फुफाटा, अशा रानात बी उगवतं नि आठ दिवसांची उघडीप पडली की कोंब करपतो. दुबार पेरणी बहुतेक अशीच ओढवते.

ओल पुरेशी झाली तरी मंगळवार-शुक्रवारचा कृषी हवामान सल्ला बघा, त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. गुरुवारी येणारा चार आठवड्यांचा अंदाज गावासाठी नाही, विभागाचा कल सांगतो. पण दुसऱ्या आठवड्यात सरासरीपेक्षा कमी पाऊस दाखवत असेल तर हलक्या रानाची पेरणी लांबवा. भारी काळ्या रानाला ओल धरते, तिथे वाफसा आल्यावर, म्हणजे चिखल जाऊन माती ओलसर पण भुसभुशीत झाल्यावर, ३ ते ५ सें.मी. खोल पेरायला हरकत नाही.