वाचकांचे प्रश्न : स्लॅब आधी की बाळंतपण आधी?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते. मला सातवा महिना लागला असून डॉक्टरांनी जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आहे. हे माझे दुसरे बाळंतपण. मोठा मुलगा चार वर्षांचा आहे. आमचे घर जुने, मातीच्या भिंतींचे आणि कवेलूंचे. यंदा कापसाचे पैसे हाती आल्यावर मामाजींनी समोरच्या दोन खोल्यांची कवेलू उतरवून तिथे विटांच्या भिंती आणि वर स्लॅब घालायचे ठरवले. जानेवारीच्या शेवटी काम सुरू झाले तेव्हा मिस्त्रीने ‘दीड महिन्यात मोकळे करतो’ असे सांगितले होते. आता होळीही होऊन गेली. भिंती दरवाजाच्या वरपर्यंत आल्या आणि मिस्त्रीने दुसऱ्या गावात काम धरले. तो चार दिवस येतो आणि आठ दिवस येत नाही.

स्वयंपाक गोठ्याच्या पडवीत चुलीवर चालतो, कारण गॅसची शेगडी मांडायला जागा उरलेली नाही. शौचालयात सिमेंटची पोती रचली आहेत. घरात तेवढीच कोरडी जागा आहे असे सर्वांचे म्हणणे. त्यामुळे मला शेजारच्या काकूंकडे जावे लागते, आणि सारखे जायला संकोच वाटतो म्हणून मी पाणीच कमी पिते. नळ तीन दिवसांआड येतो. त्यातलेच पाणी बादलीने नेऊन नव्या भिंतींवर सकाळ-संध्याकाळ मारण्याचे कामही माझ्याकडे आले आहे. परवा मुलाची चप्पल विटांच्या ढिगाखाली गेली, एवढ्या कारणावरून मी त्याला मारले आणि नंतर तासभर रडत बसले. हे म्हणतात, ‘थोडे दिवस सहन कर, घर आपल्यासाठीच होत आहे.’ सासूबाई म्हणतात की घरात दोन जिवांची बाई असताना बांधकाम काढायलाच नको होते. माझी आई हयात नाही, त्यामुळे माहेरी जाऊन राहणे शक्य नाही. माझ्या चिडण्या-रडण्याचा पोटातल्या बाळाला त्रास होईल का? काम थांबवायला सांगावे, की पावसाच्या आत कसेही करून उरकून घ्यावे?

— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : चप्पल विटांखाली गेली म्हणून तुम्ही रडलात, हे मला अगदी समजते. माझ्या दुसऱ्या बाळंतपणाच्या आधी आमच्या स्वयंपाकघराचा ओटा फोडला होता, आणि अकरा आठवड्यांत मी खऱ्या अर्थाने एकदाच रडले, ते सांडशी सापडेना म्हणून. अधूनमधून चिडल्याने किंवा रडल्याने बाळाला इजा होत नाही, तेव्हा त्या अपराधी भावनेचे ओझे आधी उतरवून ठेवा. मुलाला जवळ घेऊन ‘आई दमली होती, मारायला नको होते’ एवढे सांगितले तरी पुरे. मात्र सलग दोन आठवडे मन उदास राहिले, झोप उडाली, जेवण जाईनासे झाले किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर तो घरकामाचा वैताग समजून अंगावर काढू नका. आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगा. १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर विनाशुल्क आणि मराठीतूनही बोलता येते.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत काळजीची वाटलेली गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे शौचालयातली सिमेंटची पोती. गरोदरपणात लघवीच्या मार्गाला जंतुसंसर्ग होण्याची शक्यता मुळातच वाढलेली असते. त्यात पाणी कमी पिणे आणि लघवी दाबून ठेवणे यांची भर पडली की संसर्ग लवकर धरतो, आणि त्याकडे दुर्लक्ष झाल्यास तो मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो व वेळेआधी कळा सुरू होण्याचे निमित्तही ठरू शकतो. आपल्याकडचा एप्रिल-मे पाणी न पिता काढण्यासारखा नसतो, हे मी यवतमाळ जिल्ह्यातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. सिमेंटला कोरडी जागा लागते हे खरे. पण त्यासाठी जमिनीवर फळ्या टाकून, भिंतीपासून थोडे अंतर ठेवून, वरून ताडपत्री झाकली की पडवीच्या एका कोपऱ्यातही ते नीट राहते. तुम्हाला लघवीला जळजळ होत असेल किंवा थंडी वाजून ताप येत असेल, तर ९ तारखेची वाट पाहत बसू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, तिथे तर जाच. पण जळजळ असताना लघवीची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी.

दुसरी गोष्ट भिंतींना पाणी मारण्याची, जिला आपल्याकडे तराई म्हणतात. ती टाळता येत नाही. सिमेंटच्या कामाला किमान सात दिवस आणि आपल्यासारख्या कोरड्या उन्हाळ्यात दहा दिवस ओलावा मिळाला नाही, तर ते काम कच्चे राहते. पण ती तुम्हीच करावी असे कोणत्याही मिस्त्रीच्या वहीत लिहिलेले नाही. सातव्या महिन्यात भरलेली बादली उचलून ओल्या विटांवरून चालणे हे पडण्याला आमंत्रण आहे, कारण पोट पुढे आल्यामुळे शरीराचा तोल आधीच बदललेला असतो. भिंतींवर ओले गोणपाट सोडले की दिवसातून कमी वेळा पाणी लागते. स्लॅबवर सिमेंटची छोटी आळी करून पाणी साठवून ठेवतात. हे काम यजमानांनी सकाळी शेतावर जाण्याआधी आणि संध्याकाळी परतल्यावर करावे. ‘थोडे दिवस सहन कर’ असे म्हणणाऱ्याच्या वाट्याला सहन करण्यातला थोडा भाग यायला काय हरकत आहे?

चुलीच्या धुराविषयी थोडक्यात सांगते. रोजचा धूर गर्भाच्या वाढीला बाधक असून बाळाचे वजन कमी भरण्याशी त्याचा संबंध आहे. जी खोली मोडलेली नाही तिच्यात खिडकीजवळ शेगडी आणि सिलिंडर मांडून घ्या, अडगळ बाहेर गेली तरी चालेल.

आता तुमचा मुख्य प्रश्न, थांबवावे की उरकावे? माझ्या मते या सगळ्या त्रासाचे मूळ धुळीपेक्षा तारखेत आहे. तुमच्या घरात कामाची तारीख मिस्त्रीच्या सोयीने ठरते, पैशाची मामाजींच्या सोयीने ठरते, आणि त्या दोघांच्या मध्ये तुमची तारीख कोणीच मांडत नाही. म्हणून कॅलेंडर घ्या आणि उलटे मोजा. तारीख जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली असली तरी तीन आठवडे आधीपासून, म्हणजे मेच्या अखेरीपासून, बाळंतपण केव्हाही होऊ शकते असे धरून चालावे लागते. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो आणि ७-८ जूनला मृग निघतो. तेव्हा घरातले काम १५ मे रोजी बंद झालेच पाहिजे, म्हणजे ओल्या भिंती सुकायला आणि घर धुऊन काढायला हाताशी दिवस राहतील. त्याआधी आतून छपाई, म्हणजे प्लास्टर, व्हायची असेल, तर स्लॅब एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पडायला हवा, कारण स्लॅबखालचे टेकू खोलीच्या रुंदीनुसार एक ते दोन आठवडे काढता येत नाहीत आणि तोवर खाली काही करता येत नाही. हे गणित कागदावर लिहून यजमानांच्या हाती द्या आणि मामाजींशी त्यांनाच बोलू द्या. सुनेने सांगितले तर ती तक्रार ठरते आणि मुलाने सांगितले तर तो हिशेब ठरतो, ही आपल्या घरांची रीत मला आवडत नाही; पण सातव्या महिन्यात ती बदलायला बसण्यापेक्षा तिचा उपयोग करून घेणे शहाणपणाचे आहे.

मिस्त्रीच्या बाबतीत एकच उपाय चालतो, आणि तो म्हणजे उचल बंद करणे. भिंती पूर्ण झाल्यावर इतके, सेंट्रिंग लागल्यावर इतके, स्लॅब पडल्यावर इतके, असे वहीत लिहून त्याच्यापुढे वाचावे आणि झालेल्या कामापलीकडे पैसे देऊ नयेत. ज्याच्याकडे तुमची रक्कम आधीच जाऊन पडली आहे, तो लग्नसराईत दुसऱ्याच्या मांडवाजवळची भिंत आधी उभारणार, हे ठरलेलेच.

आणि १५ एप्रिलपर्यंत स्लॅब पडला नाही तर? तर यंदा स्लॅब टाकूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भिंतींची उंची पूर्ण करून त्यावर टिनाचे पत्रे हुक लावून घट्ट बसवून घ्यावेत, कारण अवकाळी वादळात सैल पत्रा उडतो. आणि स्लॅब दिवाळीनंतर सोयाबीन निघाल्यावर टाकावा. पत्रे पुढे गोठ्याला कामी येतात किंवा विकले जातात. मामाजींना हे कमीपणाचे वाटेल. गावात स्लॅबला प्रतिष्ठा आहे हे मी जाणते, पण नवा स्लॅब दिवसभर तापून रात्री ती उष्णता खाली सोडतो, आणि नवजात बाळाला पहिल्याच उन्हाळ्यात त्याखाली निजवण्याची घाई कोणी करू नये. तुमची मागची कवेलूंची, मातीच्या भिंतींची खोली बाळ-बाळंतिणीसाठी त्यापेक्षा कितीतरी थंड आहे. ती खोली आजपासून तुमची समजा. तिच्यात विटा, रेती, अवजारे, मिस्त्रीची सायकल, काहीही यायचे नाही. दाराला ओला पडदा लावा आणि तुमचा पलंग, मुलाचे कपडे, औषधे, दवाखान्याची फाइल आणि हो, सांडशीसुद्धा, तिथेच ठेवा. घर अर्धे राहिले तरी बाळंतपण सुखाने होते, फक्त एक खोली पूर्ण लागते.

धुळीपासून ओढणी बांधून बचाव होत नाही. बारीक धूळ तिच्यातून आत जाते. भिंत फोडताना किंवा वायरिंगसाठी खाचे पाडताना आधी पाणी शिंपडायला सांगा आणि तेवढा वेळ तुम्ही व मुलगा काकूंकडे जा. जुन्या सागवानी चौकटींवरचा ऑइलपेंट मात्र घरात कोरडा खरडू देऊ नका. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवण्याचा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे असू शकते, ते आईच्या रक्तातून गर्भापर्यंत पोहोचते आणि लहान मुलाच्या मेंदूच्या वाढीलाही घातक असते. चौकटी यंदा तशाच राहू द्याव्यात. नवा ऑइलपेंटही बाळंतपणानंतरच लावावा.

आणखी तीन धोके आपल्या भागातले आहेत. पहिला कुलरचा. काम चालू असताना वायरी लोंबत असतात, अर्थिंग तुटलेले असते, खाली ओल असते आणि कुलरची पेटी लोखंडी असते. पाणी भरण्याआधी प्लग काढलाच पाहिजे, आणि मुलगा तिच्याजवळ फिरकता कामा नये. दुसरा, उतरवलेल्या कवेलूंच्या ढिगात विंचू आणि साप आसरा घेतात. मण्यार बहुतेक वेळा रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, म्हणून अंगणात झोपायचे तर खाटेवर आणि मच्छरदाणी खोचून. तिसरा धोका तराईसाठी भरून ठेवलेल्या टाक्यांचा. त्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासल्या नाहीत तर त्यांत डेंग्यूचे डास होतात.

सासूबाईंच्या म्हणण्याला वैद्यकीय आधार नाही. घराचे काम काढल्याने, खिळा ठोकल्याने गर्भाला काही होत नाही. तरीही त्यांच्याशी वाद घालू नका, कारण या घरात तुम्ही बांधकामापासून दूर राहावे असे ठामपणे म्हणणाऱ्या त्याच एकट्या आहेत. ‘सासूबाई, तुम्ही म्हणता ते खरे, मी त्या बाजूला जातच नाही, तेवढे पाणी मारायचे यांना सांगा,’ असे म्हणून पाहा. त्यांचे कारण वेगळे आणि माझे वेगळे, पण दोघींचा सल्ला एकच आहे.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, थांबून थांबून पोट दुखणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यावर सूज येणे किंवा बाळाची हालचाल कमी वाटणे, यांपैकी काहीही झाले तर काम कोणत्या टप्प्यावर आहे हे न पाहता १०८ किंवा १०२ ला फोन करून गाडी बोलवा. समोरच्या अंगणात रेती आणि गिट्टीचे ढीग असतील, तर गाडी दारापर्यंत येईल एवढी वाट आधीच मोकळी करून घ्या. आणि हे उत्तर यजमानांना वाचायला द्याल, तेव्हा दिवस मावळायच्या आत शौचालयातली पोती बाहेर काढून घ्या.