वाचक विचारतात: वरनं येऊन मारून पळणं म्हंजे रडीचा डाव का?

प्रश्न: ऑनलाईन विमानांच्या गेममध्ये मी कायम झीरो (दुसऱ्या महायुद्धातलं जपानी लढाऊ विमान) घेतो आणि गोल वळून मारतो, पण माझा मित्र थंडरबोल्ट (त्याच काळातलं अमेरिकन लढाऊ विमान) घेऊन वरनं येतो, गोळ्या झाडतो आणि पळतो. ही काय लढाई झाली का? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: रडीचा कसला भावा, खासबागेत हलक्या पैलवानानं जड गड्याच्या मिठीत जायचं नसतं, तसंच जड थंडरबोल्टनं झीरोसंगं वळत बसायचं नसतं. त्याच्याकडं 8 मशीनगन, सूर मारायला लय भारी, आणि उंची म्हंजे साठवलेला वेगच की. तुझं झीरो हलकं का, तर सुरुवातीच्या मॉडेलात पायलटमागं चिलखतच नाही, त्यात वेग वाढला की एलेरॉन (विमान कलंडवणाऱ्या पंखांवरच्या झडपा) जड होतात, स्टिक (पायलटच्या हातातला दांडा) हलता हलत नाही.

मग तो येताना लगेच वळू नको, रेंजमध्ये येईस्तोवर थांब अन् मग करकचून वळ, तो पुढं निसटतो, पण त्याच्यामागं वर चढायचा मोह आवर, वेग संपून लटकशील आणि फुकट मरशील. दोघं मिळून आले तर मात्र जपून, एकाच्या मागं लागलास की दुसरा समोरनं येतो, अमेरिकन नौदलाचा पायलट जॉन थॅच, त्याच्या ह्याच डावानं 1942 ला मिडवे बेटाजवळच्या लढाईत झीरोवाल्यांना घाम फोडला होता.