वाचकांचे प्रश्न : चार दिवस रूसिऑंत, पण गाडी कोण चालवणार?

प्रश्न : सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं दक्षिण फ्रान्समध्ये पर्पिन्यांला चार दिवस राहणार आहोत. मला वायनरी बघायच्यात आणि ह्यांना डिस्टिलरी. वायनरींचा ढीग सापडतो, डिस्टिलरी फारशा दिसत नाहीत. काय करावं? आणि गाडी भाड्याने घ्यावी का?

उत्तर : ताई, यजमानांना सांगा की या भागात दारू वेगळी शोधायला जायचं कामच नाही, ती वाईनमध्येच घातलेली असते! गंमत नाही, खरंच. रूसिऑं म्हणजे स्पेनला चिकटलेला कोपरा, ऊन रग्गड, वर त्रामोंतान नावाचा कोरडा वारा, त्यामुळे ग्रनाश द्राक्ष इतकं गोड होतं की त्या साखरेचं काय करायचं हाच प्रश्न. मग रस आंबत असताना मध्येच त्यात द्राक्षाचंच साधारण ९६ टक्क्यांचं स्पिरिट ओततात, यीस्ट गारद होतं आणि उरलेली साखर जशीच्या तशी राहते. याला म्युताज म्हणतात, आणि ही युक्ती १२८५ साली आर्नो द व्हिलनोव्ह या वैद्याने काढली असं तिथले लोक मानतात. बानयुल्स, मोरी, रिव्हसाल्त या गावांच्या नावाच्या गोड वाईन अशाच.

पुढचं तर अजून भारी. वाईनला ऊन लागू द्यायचं नाही असं आपण ऐकलेलं असतं ना, इथे काही ठिकाणी काचेचे मोठाले बुधले भरून सरळ उन्हात मांडून ठेवतात, दिवसा तापतात रात्री गार होतात, असं महिनोन्महिने, आणि मग त्यातून अक्रोड, सुकं अंजीर, कॉफी असले वास यायला लागतात. बानयुल्स ग्रां क्र्यू (वरच्या दर्जाची बानयुल्स) असेल तर लाकडाच्या पिंपात किमान ३० महिने. सोबत डार्क चॉकलेट मिळालं तर नाही म्हणू नका.

यजमानांसाठी एक दिवस त्युईरला द्या, पर्पिन्यांच्या जवळच आहे. तिथे १८६६ पासूनचं बीर आहे (लिहितात Byrrh, उच्चार बीर, पण बिअर नाही हं, क्विनाईन म्हणजे कडू कोयनेल घातलेली वाईन आहे). तिथलं ओकचं पिंप बघाच, दहा लाख लिटरहून जास्त मावतं त्यात, फोटोत अंदाजच येत नाही, खाली माणूस उभा केला की मग कळतं.

आता गाडी. माझं मत विचाराल तर नको. फ्रान्समध्ये मर्यादा रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे, नवीन लायसन्सवाल्यांना ०.२, आणि या गोड वाईन १५ टक्क्यांच्या वरच असतात त्यामुळे "दोनच घोट घेतले" हा हिशोब लगेच चुकतो. पर्पिन्यांहून लोकल रेल्वे कोलिऊर, पोर-व्हांद्र, बानयुल्स अशी समुद्राकाठाने जाते, तीच घ्या. फक्त त्युईरचा दिवस बस नाहीतर टॅक्सी.

आणि एका दिवशी दोनच जागा! मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हावरटासारख्या चार ठरवल्या, तिसरीत जिभेला काही कळेना आणि चौथीत सव्वाबाराला पोचलो तर दार बंद, जेवायची सुट्टी २ वाजेपर्यंत, मग काय, झाडाखाली बिस्किटं खात बसलो. सप्टेंबर म्हणजे द्राक्षतोडणी, छोट्या डोमेनमध्ये (म्हणजे मळा असलेल्या वायनरीत) मालक स्वतः मळ्यात असतो, म्हणून आधी ईमेल टाकून वेळ घ्याच. बानयुल्सचे मळे डोंगरउतारावर दगडी बांध घालून केलेत, तिथे मशीन चढत नाही, सगळं हाताने. पाणी वाहून जायला त्या बांधांमधून कोंबड्याच्या पायासारखे फाटे काढलेत, कोलिऊरच्या वरच्या वाटेवरून छान दिसतात.

प्रश्न : टेस्टिंगला गेल्यावर वाईन थुंकणं असभ्य वाटत नाही का?

उत्तर : अजिबात नाही. पिकदाणीसारखं भांडं त्यासाठीच ठेवलेलं असतं, तिथले जाणकारही थुंकतात. उलट सगळं गिळणाऱ्याकडेच जरा बघतात.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. वाईन तर द्राक्षाचीच, मग प्रश्नच नाही ना?

उत्तर : आहे थोडा. गढूळपणा काढायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक किंवा माशापासूनचं जिलेटिन वापरतात, नंतर ते गाळ म्हणून खाली बसतं आणि काढून टाकतात, पण ज्यांना तेही चालत नाही त्यांनी लेबलवर "व्हेगान" लिहिलंय का बघावं. नसेल तर सरळ विचारा, वाईन करणारा माणूस समोरच असतो आणि त्याला असले प्रश्न आवडतात, मग तुमची ट्रेन चुकली तर मला बोलू नका. बानयुल्सला जाताना डाव्या बाजूची सीट पकडा, समुद्र तिकडे आहे.