गवताच्या आत राहणारी बुरशी त्याला ऊन आणि दुष्काळ सोसायला खरंच मदत करते का?

हो, करते. बुरशी म्हटलं की आपल्याला पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर धरणारा पांढरा थर आठवतो. ही वेगळी. गवताच्या पेशींच्या मधल्या फटींत बारीक धाग्यांसारखी राहते, बाहेरून पात्याकडे पाहून पत्ता लागत नाही.

सगळ्यात भन्नाट उदाहरण अमेरिकेतल्या यलोस्टोनचं, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या राष्ट्रीय उद्यानाचं. तिथल्या तापलेल्या जमिनीत उगवणाऱ्या एका गवतात कर्व्ह्युलारिया नावाची बुरशी असते. दोघं एकत्र असली की मुळांशी ६५ अंश सेल्सिअसही सोसतात. वेगळी केली की ४० अंशाच्या आसपासच दोघांचा दम संपतो. २००७ मध्ये कळलं की त्या बुरशीच्या आत एक विषाणूही लागतो. तो काढला की सगळा खेळ बंद. म्हणजे पेठेतल्या वाड्यात भाडेकरू आणि त्याच्याकडे पोटभाडेकरू!

टॉल फेस्क्यू या कुरणाच्या गवतात एपिक्लोई ही बुरशी असते. ती बियांतूनच पुढच्या पिढीत जाते. गवत तिला साखर पुरवतं, ती किडींना नकोशी रसायनं बनवते, शिवाय दुष्काळात तग धरायला हातभार लावते. त्यातली काही रसायनं गुरांनाही बाधतात, हा तोटा.

पुण्यातल्या वेताळ टेकडीवरचं मे महिन्यात वाळलेलं गवत जूनच्या दोन सरींत हिरवं होतं, त्याचं श्रेय मात्र लगेच बुरशीला देऊ नका. तिथे जमिनीत टिकलेली मुळं आणि बिया यांचंच काम मोठं.