पंप बिघडला म्हणून एसी बदलावा का?

ठाण्याच्या एका वाचकांनी विचारले आहे, की शयनगृहातील सहा वर्षांचा दीड टनी एसी अर्धा-पाऊण तास उत्तम गारवा देतो, मग भिंतीवर पाणी ओघळू लागते आणि तो आपोआप बंद पडतो. मेकॅनिकच्या मते पाणी उपसणारा छोटा ड्रेन पंप गेला आहे. नवा पंप बसवून ५,५०० रुपये लागतील, त्यापेक्षा ४२,००० रुपयांचा नवा एसीच घ्यावा, असे तो म्हणतो. त्यासाठी मुदत ठेव मोडावी की हप्ते बांधून घ्यावेत, हा त्यांचा प्रश्न आहे.

माझ्या मते सध्या दोन्ही करू नये. आपला एसी आतल्या भिंतीवर असल्यामुळे पाण्याला बाहेर जायला उतार नाही, म्हणून पंप बसवावा लागला. त्याच जागी नवा एसी लावला तरी त्याचे पाणी उपसायला पंप लागणारच. म्हणजे ४२,००० रुपये खर्चूनही मूळ दुखणे भिंतीवर तसेच राहील. शिवाय पाणी साठवणारी पंपाची छोटी टाकी भरत आल्यावर एसी बंद करण्याची सोय अशा पंपांत बहुधा असते, त्यामुळे तो बंद पडणे हा एसीचा दोष ठरत नाही. आतल्या कॉइलवर बर्फ धरत असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा आधी हवेची जाळी (फिल्टर) आणि गॅस तपासून घ्यावा.

५,५०० रुपये देण्यापूर्वीही पंपाची परीक्षा घ्यावी. मेन स्विच बंद करून टाकी व तिच्यातील फ्लोट (पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होऊन पंप चालू-बंद करणारा तरंगता भाग) धुवावा, पुन्हा वीज सुरू करून टाकीत हळूहळू पाणी ओतावे. पंप घरघरतो पण पाणी पुढे सरकत नाही, तर बाहेर जाणारी नळी तुंबलेली किंवा कुठेतरी मुडपलेली असण्याची शक्यता अधिक. आवाजच नसेल, तर वीजजोडणी, फ्लोट किंवा मोटार यांपैकी एकात दोष आहे. माझ्या कार्यालयातील पंपही एकदा ‘जळाला’ म्हणून घोषित झाला होता. उघडल्यावर दिसले ते इतकेच, की साबुदाण्याच्या खिरीसारख्या बुळबुळीत थराने फ्लोट तळाशी चिकटला होता. खर्च शून्य, फक्त एक जुना दातांचा ब्रश वाया गेला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून आत्ताच घ्यावा, असेही आपण लिहिता. पण ही काही दुकानाची सणासुदीची सूट नव्हे, की आठवड्यात संपेल. ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास बँका सहसा व्याजदरात कपात करतात, आणि क्रेडिट कार्डावरच्या ‘बिनव्याजी’ हप्त्यांतही प्रक्रिया शुल्क व व्याजाच्या रकमेवरचा जीएसटी बहुधा आपल्याच माथी येतो.

पंप खरोखरच गेला असेल, तर नवा घेण्याआधी प्लंबरकडून एक अंदाज जरूर मागवावा : फॉल्स सीलिंगमधून स्नानगृहाच्या नहाणी ट्रॅपपर्यंत (जमिनीवरचे पाणी वाहून नेणाऱ्या जाळीच्या तोंडापर्यंत) उतार देऊन नळी नेता येते का? दर पंपाच्या किमतीच्या दीडपट सांगितला, तरी मी तोच पर्याय निवडेन, कारण उताराला ना वीज लागते ना मोटार, आणि पुढच्या एसीलाही तीच नळी चालते. त्या पुढच्या एसीसाठी दरमहा १,२०० रुपयांची आवर्ती ठेव आजच सुरू करावी. तीन वर्षांत ४३,२०० रुपये आणि वर व्याज जमेल. मेकॅनिकने सुचवलेला ४,५०० रुपयांचा वार्षिक देखभाल करार घ्यायचाच असेल, तर त्यात पंप समाविष्ट असल्याचे लेखी घ्यावे.